खडकवणीचा हाळीचा कातळ

खडकवणीला एस.टी. शेवटचा वळसा घेऊन थांबते, तिथून समोर बसलेल्या म्हशीसारखा जो काळा कातळ दिसतो, त्याला हाळीचा कातळ म्हणतात. हाळी म्हणजे लांबवर मारलेली हाक. वर जायला सात पायऱ्या खोदल्या आहेत. माथ्यावर पावलांच्या आकाराचे दोन खळगे आहेत आणि पावसाळाभर त्यांत बेडूक राहतात. ती तुळाजीची पावले, असे सांगतात. मापाने पाहिले तर तुळाजी दहा फूट उंच असायला हवा; पण अशा ठिकाणी कोणी टेप घेऊन जात नाही.

कातळाच्या मागे सडा आहे, म्हणजे मैलभराचे सपाट खडकाळ पठार. सड्याच्या पश्चिमेला कडा, आणि कड्याखाली एकदम कोकण. पावसाळ्याच्या उत्तरार्धात सड्यावर धुके उतरते. ते उतरले की दिवेलागणीच्या आधी गावातले कोणीतरी या कातळावर चढते आणि प्रत्येक घरातल्या एकेका माणसाला नावाने हाक मारते. नुसते नाव. राव नाही, पंत नाही, साहेब नाही. ज्याचे नाव येईल त्याने ओ द्यायची, मग तो सड्यावर असो की स्वतःच्या चुलीपुढे. पाहुणा मुक्कामाला असेल तर त्यालाही हाक होते. मागे एक मोठे अधिकारी पाहणीला आले आणि धुक्यामुळे अडकले. संध्याकाळी त्यांच्या नावाची हाक झाली. साहेब पाटावर बसून भाकरी खात होते. ही माणसे कोणाला बोलावताहेत हे त्यांना कळेना. शेवटी त्यांच्या शिपायाने भीतभीत त्यांना त्यांचे नाव सांगितले.

ही चाल पाडली तुळाजीने, आणि तुळाजी काही इथला नव्हता.

घाटाच्या पूर्वेला चार दिवसांच्या वाटेवर एक संस्थान होते, तिथला तो चोपदार. संस्थानाचे नाव गावात घेत नाहीत. वंशज अजून आहेत आणि अब्रुनुकसानीचे दावे लावण्याइतका मोकळा वेळ त्यांच्यापाशी आहे. चोपदाराचे काम असे, की हातात चांदीची काठी घेऊन दरबाराच्या दाराशी उभे राहायचे आणि सरकार येऊ लागले की त्यांच्या सगळ्या पदव्या खड्या आवाजात पुकारायच्या. तुळाजीचा आवाज असा होता म्हणे, की त्याने ललकारी दिली की पागेतले घोडे कान टवकारत आणि शेवटच्या रांगेतले मानकरी झोपेतून जागे होऊन मुजरा करीत.

सरकारांना लढाया फारशा जमल्या नाहीत, पण पदव्या जमवता आल्या. दर वर्षी एखादी वाढे. तुळाजी रुजू झाला तेव्हा ललकारी एका दमात होत असे. वीस वर्षांनी तिच्यात तीनदा श्वास घ्यावा लागे. 'अष्टगडाधिपती' ही त्यातलीच एक पदवी. आठांपैकी तीन गड शेजाऱ्यांच्या ताब्यात होते आणि एक कोणाला सापडत नव्हता. सरकार शिकारीला गेले तरी ठरल्या वेळी रिकाम्या गादीपुढे ललकारी व्हायची आणि रिकाम्या गादीला मुजरे झडायचे. त्यात कोणालाही काही वावगे वाटत नसे. कामकाज चालू असल्याची ती खूण होती.

तुळाजी या कामात वर चढत गेला. साध्या काठीची चांदीची काठी झाली, काठीला सोन्याचे बोंड आले, राहायला चिरेबंदी घर आले. रस्त्याने तो निघाला की माणसे बाजूला होत. त्याची बायको चिमाबाई पाणवठ्यावर जात नसे. पाणी भरायला गडी होता. एकूण ज्याला लोक चांगले चालले आहे म्हणतात, तसे त्याचे चालले होते.

मग एका गुढीपाडव्याला सरकारांनी त्याला सगळ्या चोपदारांचा मुख्य केले. भरदरबारात त्याला दुशाला द्यायचा होता. त्या दिवशी पुकारा करायला धाकटा चोपदार उभा राहिला आणि त्याने तुळाजीच्या नव्या हुद्द्यासकट, वडिलांच्या नावासकट, लांबलचक पुकारा केला. तुळाजी दाराशी उभा होता. पुकारा ऐकला आणि वीस वर्षांच्या सवयीने तो झटकन बाजूला सरला, कमरेत वाकला, मुजरा केला आणि येणाऱ्या बड्या माणसासाठी वाट मोकळी करून उभा राहिला.

कोणी आले नाही.

दरबार हसत सुटला. सरकार तर गादीवरच्या लोडावर कलंडले. तुळाजीही हसला, कारण सरकार हसताना न हसणे नियमात बसत नव्हते. पण वाकलेल्या स्थितीत त्याने दाराकडे पाहिले होते, आणि ते रिकामे दार त्याच्या डोळ्यांपुढून हलेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो काठी परत करायला गेला. सरकार माणूस वाईट नव्हते. त्यांनी विचारले, "काय कमी पडलं रे?"

"काही नाही, सरकार."

"लोक हसले म्हणून रागावलास?"

"नाही. काल माझं नाव पुकारलं आणि मी कोण येतंय म्हणून बघत राहिलो. तो माणूस अजून आलेला नाही. जरा बघून येतो."

सरकारांना हे कळले की नाही, कोणास ठाऊक. ते म्हणाले, "कंटाळशील. काठी राखून ठेवतो. दसऱ्याला माणसं पाठवीन, त्यांच्याबरोबर मुकाट्यानं परत ये."

घरी चिमाबाई तांदूळ निवडत होती. तिने सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "म्हणजे आता पाणी मी भरायचं?"

दोघे पश्चिमेला चालत निघाली ती खडकवणीला येऊन थांबली. यामागे ईश्वरी संकेत होता असे काही जण सांगतात. दुसरे सांगतात, की तिथे वाट संपत होती. गावात तेव्हा गवळ्यांची पंधरा-वीस घरे. त्यांतल्या कोंडू झोरे नावाच्या म्हाताऱ्याने त्यांना आपला जुना गोठा राहायला दिला आणि एक गाभण म्हैस सांभाळायला दिली. काजळी तिचे नाव.

आपण कोण होतो हे तुळाजीने गावात सांगितले नाही. आता आवाज चढवायचा नाही असे त्याने मनाशी ठरवले होते. तो इतका हळू बोले, की कोंडूला वाटले याला घशाचा काही विकार आहे. चार दिवस त्याने ओव्याचा काढा आणून दिला. तुळाजीने तोही मुकाट्याने घेतला. दिवसभर तो या कातळावर बसे. समोर कोकण, वर घारी. कोणासाठी बाजूला व्हायचे नाही, कोणाला बाजूला करायचे नाही. त्याला फार शांत वाटले. नोकरी सुटलेल्या माणसाला पहिले काही महिने तसे वाटतेच. मग तो घरातल्यांना त्यांची कामे समजावू लागतो. श्रावणात तुळाजी चिमाबाईला शेणी कशा थापाव्यात हे सांगू लागला.

"तुम्ही थापा ना मग," चिमाबाई म्हणे. "तेवढीच शेणाला शांती."

तिची कुरकुर अखंड होती. घागर डोक्यावर घेताना कुरकुर, चूल फुंकताना कुरकुर. "तिकडं माझ्यासाठी बायका वाट सोडायच्या. इथं म्हैस सोडत नाही." पण हात कामाला लागले होते. श्रावणाच्या अखेरीस काजळी व्याली, तेव्हा कोंडूच्या आधी चिमाबाई गोठ्यात होती. चिकाची वडी तिने साऱ्या गावात वाटली आणि घरोघरच्या बायकांनी तिला परत पाठवताना तिच्या ताटलीत काही ना काही घातले. कुरकुर मात्र तशीच होती. त्यामुळे तुळाजीला वाटत राहिले, की हिचा जीव तिकडेच अडकला आहे.

भाद्रपदातल्या एका दुपारी दोघांचे वाजले. कारण काय ते कोणाला माहीत नाही. नवरा-बायकोच्या भांडणाचे कारण तिसऱ्या दिवशी त्यांनाही माहीत नसते. शेवट मात्र साऱ्या वाडीने ऐकला. चिमाबाई म्हणाली, "दसऱ्याला माणसं येतील ना सरकारची? मी जाते त्यांच्याबरोबर. तुम्ही बसा इथं दगडावर दगड होऊन!" आणि काजळी सड्यावर चरायला गेली होती, तिला आणायला ती तरातरा निघून गेली.

ती वर गेली आणि घटकाभरात धुके उतरले. खडकवणीचे धुके ज्यांनी पाहिले नाही त्यांना सांगून पटणार नाही. हात लांब केला की बोटे दिसत नाहीत. आणि त्यात आवाजही बुडतो. माणूस हाक मारतो ती त्याच्याच पायाशी पडते. त्या काळी दर दोन-चार वर्षांनी सड्यावरचे एखादे माणूस वाट चुकून कड्याच्या अंगाला जाई. परत येत नसे. गाव म्हणे, त्याला धुक्याने नेले, आणि कामाला लागे. दुसरे करण्यासारखे काही नव्हते.

थोड्या वेळाने काजळी आपल्या पायांनी गोठ्यात आली. एकटीच.

तुळाजी कोंडूकडे धावला. कोंडूने माणसे जमवली. पण धुक्यात सड्यावर माणसे पाठवायची म्हणजे एकाच्या जागी पाच घालवायची. कोंडू कातळावर चढला आणि तोंडाशी हात धरून ओरडला, "वयनी ओऽऽ!" सगळे कान देऊन उभे राहिले. फार बारीक, सड्यावर एक उंबर होता त्याच्या अंगाने, एक "ओ" आली.

"जवळ हाय," कोंडू म्हणाला. "पण माझा आवाज तिथवर नीट जात न्हाई. आणि कोण हाय का मोठ्या गळ्याचा?"

तुळाजी सात पायऱ्या चढला. तेव्हा पायऱ्या नव्हत्या, पण चढला. माथ्यावर पाय रोवून उभा राहिला, छाती भरून घेतली, आणि ज्या गळ्याला वीस वर्षे एकच गोष्ट येत होती त्यातून तीच बाहेर पडली.

"निगाह रखोऽऽ! आस्ते कदमऽऽ! समरधुरंधर, शरणागतांचे पाठीराखे, अष्टगडाधिपती..."

धुके फाटल्यासारखा तो आवाज सड्यावरून गेला. खाली गोठ्यातल्या म्हशी उभ्या राहिल्या. लेकरे रडू लागली. दोन-तीन बापे पळत जाऊन गवताच्या गंजीमागे दडले, कारण हुजुरातला असा पुकारा गावात आला की मागून वेठीला धरणारे शिपाई येत, एवढेच त्यांना माहीत होते. ओव्याचा काढा देणारा कोंडू तोंड उघडे टाकून बघत राहिला.

तुळाजीने सगळ्या पदव्या संपवल्या. तीनदा श्वास घेतला. मग सगळ्यांनी कान दिला.

ओ आली नाही. थोड्या वेळाने दगड घरंगळल्याचा आवाज आला. पण उंबराकडून नव्हे, त्याच्या बऱ्याच पलीकडून, कड्याच्या अंगाने.

"ती लांब चाललीय," कोंडू म्हणाला.

"असं कसं? माझा आवाज ओळखते ती. वीस वर्षं ऐकतेय."

"वळखला म्हणूनच गेली. तुमचं हे ऐकून आमची माणसं बघा कुठं शिरलीत. असल्या हाकेला कोण जवळ येईल? तिला नावानं हाक मारा."

"नावानं?"

"मग? नाव न्हाई तिला?"

नाव होते. पण तुळाजीने ते आयुष्यात एकदाच घेतले होते, लग्नात घास भरवताना, उखाण्यात, तेही मान खाली घालून. त्या काळी बायकोचे नाव चारचौघांत कोणी घेत नसे; घरातही नाही. ती त्याला 'अहो' म्हणे, तो तिला 'अगं' म्हणे, आणि एवढ्यावर संसार चालत असे. सरकारांच्या सगळ्या पदव्या, त्यांच्या वडिलांच्या, आजोबांच्या, हत्तीचे नाव, घोड्याचे नाव, हे सारे त्याने हजारदा पुकारले होते. हे एक नाव त्याच्या गळ्याला माहीत नव्हते.

त्याने आधी "अगं ए!" म्हणून पाहिले. खालच्या घरांतून तीन बायकांनी "काय वो?" म्हणून विचारले.

पुन्हा दगड घरंगळले. या वेळी ते खाली पोचल्याचा आवाज आलाच नाही, असे सांगतात.

तेव्हा तुळाजीने डोळे मिटले आणि हाक मारली, "चिमाऽऽ!"

ती दरबारातली हाक नव्हती. आवाज मध्येच चिरकला. धाकट्या चोपदाराने तो ऐकला असता तर त्याला हसू आवरले नसते. पण तुळाजी थांबला नाही. "चिमाऽऽ! मी आहे गं! दुसरं कोणी नाही! मीच आहे, चिमाऽऽ!" ज्या माणसाची तो पाडव्यापासून वाट बघत होता तो आला तो असा, घसा फाटलेला, गालांवर पाणी, आणि कोणीही न पुकारता. पण तुळाजीला तेव्हा तिकडे बघायला सवड नव्हती.



"ओ," असे कड्याकडून आले.

मग तो हाका मारीत राहिला आणि ओ येत राहिली. हाक थांबली असती तर वाट चुकली असती, म्हणून त्याने थुंकी गिळण्यापुरतीही उसंत घेतली नाही. ओ उंबराशी आली. ओ पाणंदीशी आली. आणि दिवेलागणीला धुक्यातून आधी हिरव्या लुगड्याचा काठ आणि मग चिमाबाई बाहेर आली. गुडघा फुटला होता, एका हातातल्या बांगड्या गेल्या होत्या. तिने कातळावरच्या नवऱ्याकडे पाहिले, जमलेल्या गावाकडे पाहिले आणि पदर सारखा केला.

"किती ओरडायचं ते! साऱ्या गावानं ऐकलं."

तुळाजी खाली उतरला. बसतच उतरला म्हणे.

"सरकार कुठायत?" तिने हळूच विचारले.

"कुठले सरकार?"

"ललकारी झाली ना? मला वाटलं, दसऱ्याआधीच आले तुम्हाला न्यायला."

तुळाजी म्हणाला, "म्हणून लपायला गेलीस? अगं, तुला तर जायचं होतं!"

चिमाबाई वळली आणि गोठ्याकडे चालू लागली. जाता जाता म्हणाली, "काजळी आत्ता कुठं नीट दूध द्यायला लागलीय."

त्यानंतर तुळाजी कातळावर नुसता बसायचा बंद झाला. धुके उतरले की तो वर चढे आणि सड्यावर गेलेल्या एकेकाला नावाने हाक मारी, शेवटचा माणूस घरी येईपर्यंत. धुके नसले की शेणी थापी. त्या वाकड्या होत, असे चिमाबाईने अखेरपर्यंत सांगितले. घरातल्या माणसांनाही हाक मारायची आणि त्यांनीही ओ द्यायची, हे गावकऱ्यांनीच पुढे जोडले. कारण चुलीशी बसलेल्या माणसालाही आपले नाव ऐकावेसे वाटते, हे कळायला त्यांना फार दिवस लागले नाहीत.

दसऱ्याच्या आधी सरकारांचे कारभारी काठी घेऊन खरेच आले. त्या वर्षी धुके रेंगाळले होते. पालखी सड्यावर भरकटली आणि भोई घाबरून उभे राहिले. वरून तुळाजीने विचारले, "कोण आहे?" धुक्यातून कारभाऱ्यांनी आपला सगळा हुद्दा सांगायला सुरुवात केली.

"नाव सांगा, नाव!" तुळाजी ओरडला. "बाकीचं वाजेपर्यंत पाय कड्यावरून जाईल!"

मग एक बारीक आवाज म्हणाला, "दामू."

"ये दामू, ये. आवाजानं ये. भोयांनो, तुमची नावं काय रे?" आणि दामू, त्याचे चार भोई आणि एक मशालजी, सहा जणांना त्याने नावानिशी एकाच हेलात खाली आणले. कारभाऱ्यांनी चिमाबाईच्या हातची भाकरी-दूध खाल्ले. काठीचा विषय त्यांनी एकदा काढला, पण तुळाजी म्हशीची धार काढत होता आणि त्याचे लक्ष नव्हते. निघताना कारभाऱ्यांनी त्याला सांगितले, की आई गेल्यापासून आपल्याला दामू म्हणून कोणी हाक मारली नव्हती. काठी ते परत घेऊन गेले. काही जण सांगतात, की मुद्दाम इथेच विसरले आणि चिमाबाईने त्या काठीने गोठ्याचे दार अडकवले. सोन्याचे बोंड कुठे गेले ते मात्र कोणी सांगत नाही.

खडकवणीचे पुरुष तेव्हापासून बायकोला चारचौघांत नावाने हाक मारतात. आजूबाजूच्या गावांत यावरून त्यांची पुष्कळ थट्टा होते. पण त्या गावांतले लोकही आपल्या मुली इथे द्यायला तयार असतात, ही गोष्ट नोंदवण्यासारखी आहे.

आता सड्यावर रेलिंग आहे, विजेचे खांब आहेत आणि सगळ्यांच्या खिशांत मोबाइल आहेत, रेंज नसलेले. हाळीची पाळी घरोघरी फिरते. यंदा झोऱ्यांच्या सुनेकडे आहे आणि ती बँकेत कामाला असल्यामुळे यादी पाठ म्हणते. आजही धुके उतरले की पहिली हाक होते ती चिमाची. तिच्या गोठ्याचा आता चौथराही राहिलेला नाही. ओ द्यायला तिथे कोणी नाही, आणि हाक ओशिवाय सोडायची नाही अशी गावाची चाल. म्हणून चिमाची ओ सारे गाव देते. बायका अंमळ मोठ्याने देतात.